एमआरआयवरून मेंदूच्या घनफळाची मोजणी: रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

एमआरआयच्या अहवालात ‘मेंदू काहीसा आक्रसला आहे’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो बहुधा रेडिओलॉजिस्टने अनुभवी नजरेने घेतलेला अंदाज असतो. आम्ही त्याच चित्रांवरून मेंदूच्या ऊतींचे घनफळ मिलिलिटरमध्ये मोजून देतो.

या मोजणीसाठी फिल्म चालत नाही. तपासणी केंद्राने सीडीवर दिलेली मूळ डायकॉम माहिती (यंत्राने साठवलेली चित्रांची संगणकीय फाइल) लागते, आणि तीत सुमारे 1 मिलिमीटर जाडीचे, सलग त्रिमितीय टी-वन चित्रण (मेंदूचे भाग वेगळे दाखवणारी एमआरआयची एक पद्धत) असावे लागते. नेहमीच्या तपासणीतील छेद (मेंदूचे काप दाखवणारी चित्रे) बहुधा 5 मिलिमीटर जाडीचे असतात; ते निदानाला उपयोगी असले, तरी त्यांवरून भरवशाची मोजणी होत नाही. त्यामुळे वेळ ठरवतानाच केंद्राला तशी कल्पना द्यावी.

सॉफ्टवेअर चित्रातील सुमारे 1 मिलिमीटर बाजूचा प्रत्येक सूक्ष्म घन करड्या भागाचा, पांढऱ्या भागाचा की मेंदूभोवतीच्या द्रवाचा, हे ठरवते. स्मृतीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस एका बाजूला साधारण 3 मिलिलिटरचा, म्हणजे सुमारे 3000 घनांचा असतो, आणि त्यांतील निदान एक-तृतीयांश घन कडेलाच असतात, जिथे ऊती आणि द्रव एकाच घनात मिसळलेले दिसतात. रुग्णाचे डोके किंचित हलले तरी नेमकी हीच कड पुसट होते. म्हणून आमचे तंत्रज्ञ सॉफ्टवेअरने आखलेली सीमारेषा प्रत्येक छेदावर डोळ्यांनी तपासतात.

मोठ्या डोक्याच्या माणसाचा मेंदूही मोठा असल्याने घनफळाची तुलना कवटीच्या आतील एकूण जागेशी व त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींशी केली जाते. तरीही एका वेळच्या आकड्यापेक्षा वर्षभराने केलेली दुसरी मोजणी आम्हाला अधिक मोलाची वाटते. वाढत्या वयात निरोगी मेंदूचे घनफळही वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत घटते. इतका बारीक फरक पकडायचा तर दोन्ही तपासण्या त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगने व्हायला हव्यात, अन्यथा यंत्रांमधला फरकच आजार म्हणून दिसू शकतो. शरीरातील पाणी कमी झाले असेल किंवा स्टेरॉइड सुरू असतील, तरी घनफळ तात्पुरते घटते. चालू औषधांची यादी सीडीसोबत अवश्य द्यावी.

घटलेले घनफळ म्हणजे अल्झायमरचे निदान नव्हे. आमचा अहवाल स्मृतिचाचण्या व इतर तपासण्यांसह न्यूरोलॉजिस्टना दाखवावा, आणि मूळ सीडी पुढील तुलनेसाठी जपून ठेवावी.