गर्भजल तपासणी: नाशिकमध्ये कागद कोणते लागतात आणि आठवडे कसे मोजायचे

अठराव्या ते विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या मांडीचे हाड आखूड किंवा मुठी घट्ट आवळलेल्या दिसल्या, की गर्भजल तपासणी (बाळाभोवतीचे पाणी सुईने काढून त्यातल्या पेशी तपासणे) सुचवली जाते. अशा हाताच्या ठेवणीमागे १८व्या गुणसूत्राची जादा प्रत असू शकते. निव्वळ आखूड हाडामागे कधी कधी एखाद्या जनुकातला बदल असू शकतो. हा फरक आधी समजून घ्या, कारण कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी तपासणी) ‘नॉर्मल’ आला तरी हाडांच्या वाढीशी संबंधित एफजीएफआर३ सारख्या जनुकातला दोष त्यात दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी लिहून घ्यावी लागते.

पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायदा, १९९४ नुसार ही तपासणी ठरावीक कारणांसाठीच होते: वय ३५ हून जास्त, आपोआप झालेले दोन किंवा अधिक गर्भपात, गरोदरपणात घातक औषधे, किरणोत्सर्ग वा संसर्ग, घराण्यात व्यंग किंवा आनुवंशिक आजार, किंवा कायद्याखालच्या मंडळाने ठरवलेले इतर कारण. केंद्र नोंदणीकृत हवे. प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते, ते पाहाच.

सोबत न्या: डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे सोनोग्राफी अहवाल (पहिल्या तिमाहीचा विसरू नका, आठवडे त्यावरूनच ठरतात), रक्तगट, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. आधीच्या बाळाचा किंवा नवरा-बायकोचा गुणसूत्र अहवाल असल्यास तोही. फॉर्म एफमध्ये तपासणीचे कारण नोंदले जाते. फॉर्म जी म्हणजे गरोदर बाईची लेखी संमती. ती तिला कळणाऱ्या भाषेत असावी आणि एक प्रत तिच्या हातात मिळावी. इंग्रजी कागदावर घाईत सही करू नका. बाळाचे लिंग कुणीही सांगायचे नाही, विचारायचेही नाही.

साधारण १५-२० मिली पाणी काढतात. सुरुवातीचे एक-दोन मिली टाकून देतात, नाहीतर आईच्या पेशी मिसळून निकाल चुकतो; पडताळणीसाठी आईचे रक्तही घेतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांत. नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल तर शुक्रवारची तारीख टाळा: पेशी जिवंत पोहोचल्या नाहीत तर कल्चर (प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) वाढत नाही. सुरगाणा-पेठसारख्या तालुक्यांतून येणाऱ्यांना मग दुसरी खेप पडते.

आता हिशेब. विसाव्या आठवड्यात पाणी काढले, कल्चरला दोन-तीन आठवडे लागले, म्हणजे तेविसावा उजाडला. म्हणून १३, १८, २१ या गुणसूत्रांसाठी काही दिवसांत निकाल देणारी क्यूएफ-पीसीआर सोबतच मागा. गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळ लागते. मंडळाने अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचे असते. मंडळ कुठे बसते ते जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात विचारा आणि अर्जाची पोच घ्या. संमती बाईचीच, ती १८ वर्षांवरील असेल तर नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.