'टेबलावर' आणि 'टेबलावरचं': इंग्रजी शब्दयोगी अव्ययांची पार्श्वभूमी

अप्पा बळवंत चौकातून आणलेलं इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडलं, की इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, ही यादी हमखास सापडते. मुलं ती पाठ करतात आणि पेपरात लिहितात, 'ही मॅरीड विथ हर'. मराठीत लग्न 'तिच्याशी' होतं, म्हणून 'विथ' आलं. इंग्रजीत त्या क्रियापदानंतर अव्ययच नको असतं, हे यादीतून कळायचं कसं?

या अव्ययांवर इंग्रजीत एवढा भार पूर्वी नव्हता. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, आपल्यासारखेच, नामांना विभक्तिप्रत्यय होते. 'राजाला' हा अर्थ नामाच्या शेवटातूनच कळे. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर बोलण्यात ढिले पडले, नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांची भाषा, बोलणाऱ्यांशी सरमिसळ झाली, १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली. प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम टू, ऑफ, बाय, विथ यांच्या अंगावर पडलं.

व्याकरणकारांनी मात्र साचा लॅटिनचा घेतला. 'प्रिपोझिशन' ही इंग्रजी संज्ञा तिथूनच आली, आणि तिचा अर्थच 'आधी ठेवलेला'. त्यामुळे वाक्याच्या शेवटी आलेलं अव्यय त्यांना खुपू लागलं. कवी ड्रायडन यांनी १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हाच दोष काढला.

आता आपल्याकडचं पाहू. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेलं संस्कृत कॉलेज १८५१ साली इंग्रजी शाळेशी एकत्र होऊन पूना कॉलेज झालं. मधल्या काळात, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं. मराठी व्याकरणाची मांडणी इंग्रजी धर्तीवर होऊ लागली आणि दोन्हीकडची अव्ययं समोरासमोर बसली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेव्हा भाषांतर हीच इंग्रजी शिकवण्याची रुळलेली वाट होती. 'वर'ला 'ऑन' ही सवय तिथली.

या जोडणीत एक मोठी गोष्ट निसटली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपला शब्दयोगी नामामागे येतो, सामान्यरूपाला चिकटतो: टेबल, टेबला, टेबलावर. पण हा शब्द क्रियापदाकडे वळलाय की नामाकडे, हेही मराठी सांगते. पुस्तक टेबलावर ठेव. टेबलावरचं पुस्तक दे. तो 'चं' इंग्रजीत नाही. दोन्हीकडे 'ऑन द टेबल'च. तिथे हे काम जागा करते: नामाचं वर्णन करणारा पदबंध त्या नामाला लागून, त्याच्यानंतर बसतो. 'शी पेंटेड द बॉय ऑन द टेरेस' यात मग गोंधळ होतो. तिनं गच्चीवर बसून मुलाचं चित्र काढलं, की गच्चीवरच्या मुलाचं? मराठीत हा प्रश्नच उठत नाही.

सुट्या अव्ययाऐवजी अख्खा साचा शिकवायचा, हा विचार विसाव्या शतकात बळावला. इंग्रजीचे अध्यापक आणि कोशकार ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली क्रियापदं आणि विशेषणं कुठल्या बांधणीत येतात, ते पद्धतशीर मांडलं. 'डिपेंड'ला 'ऑन', 'अफ्रेड'ला 'ऑफ', 'गुड'ला 'ॲट', असे जोडीनंच शिकायचे शब्द. वेळेचंही तसंच. आपण सोमवारी, पाच वाजता, मार्चमध्ये म्हणतो; तिथं ऑन, ॲट, इन.

मुलांना यादी देण्याआधी मी वाक्य मराठीत म्हणायला लावते आणि विचारते, इथे 'चा-ची-चं' लागतो का? लागला, तर इंग्रजीत तो पदबंध नामानंतर, त्याला लागून लिहायचा.