घर ते ऑफिस: वाटेवरची ३२ दुकानं

घराजवळ खाण्याची दुकानं जास्त असली तर वजन वाढतं का? हे शोधताना अनेक अभ्यासांनी सोपी वाट धरली: घराभोवती वर्तुळ काढायचं आणि आतली दुकानं मोजायची. उत्तरं मात्र एकमेकांशी जुळेनात. साहजिकच आहे, नोकरी करणारा माणूस जागेपणी घरी असतो तरी किती वेळ?

केंब्रिज विद्यापीठातल्या थॉमस बर्गॉइन आणि सहकाऱ्यांनी म्हणून माणसाचा अख्खा दिवस मोजायला घेतला. इंग्लंडच्या केंब्रिजशायरमधले २९ ते ६२ वयाचे ५,४४२ नोकरदार त्यांनी निवडले. घराभोवती एक मैल, कामाच्या जागेभोवती एक मैल, आणि जाण्यायेण्याच्या रस्त्यालगत १०० मीटर. एवढ्या टापूत पिझ्झा, बर्गर, तळलेलं चिकन, चिप्स बांधून देणारी दुकानं सरासरी ३२ निघाली. घराजवळ फक्त ९. सर्वांत जास्त, जवळपास १४, कामाच्या जागेजवळ!

२०१४ साली हे निष्कर्ष 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आले. सर्वांत जास्त दुकानं वाट्याला येणाऱ्या गटाचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) सर्वांत कमी दुकानं असणाऱ्यांपेक्षा सरासरी १.२१ने जास्त होता. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसासाठी हा फरक साधारण साडेतीन किलोंचा. वय, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब धरूनही तो उरला.

मला खरं अडवतो तो दुसरा आकडा. या दोन गटांच्या असल्या खाण्यातला फरक दिवसाला जेमतेम ५.७ ग्रॅम, म्हणजे आठवड्याला ४० ग्रॅम. एवढ्याशा चिप्सनी साडेतीन किलो वाढतात? लोक खाल्लेलं कमी सांगतात, हे एक कारण असू शकेल. शिवाय सगळी मोजमापं एकाच वेळची होती, त्यामुळे दुकानांमुळेच वजन वाढलं असं यावरून सिद्ध होत नाही. संबंध दिसतो, तो ठळक आहे, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

मुलांच्या बाबतीत अंतर फार बारकाईनं काम करतं. कॅलिफोर्नियातल्या नववीच्या विद्यार्थ्यांवरचा जॅनेट करी आणि सहकाऱ्यांचा २०१०चा अभ्यास पाहा. फास्ट फूडचं दुकान शाळेपासून १६० मीटरच्या आत असेल तिथे लठ्ठपणाचं प्रमाण किमान ५.२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. तेच दुकान ४०० मीटरवर असेल, तर परिणाम दिसेना. मधल्या सुट्टीत पायी जाऊन घंटेआधी परतायचं, तर मुलं तेवढ्याच अंतरात फिरणार.