कापड गिरण्यांवरच्या पिरियड मालिका आणि त्यांच्या मागच्या कादंबऱ्या

इंग्लंडात १९व्या शतकात मँचेस्टर आणि लँकशायर भागात कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, तिथल्या कामगारांचं आणि मालकांचं जगणं दाखवणाऱ्या ब्रिटिश टीव्ही मालिकांचा हा प्रकार. यातल्या सगळ्यात गाजलेल्या मालिका त्याच काळात लिहिलेल्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या आहेत, म्हणजे गिरणीचा भोंगा ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला त्यांच्या लिखाणावर, आणि हा फरक पडद्यावर लगेच जाणवतो.

यातलं पहिलं नाव एलिझाबेथ गॅस्केल (१८१०–१८६५). नवरा मँचेस्टरच्या एका चॅपलमध्ये पाद्री, त्यामुळे कामगार वस्तीत तिचं येणंजाणं होतं, उपासमार आणि आजारपणं तिनं जवळून बघितली होती. १८४८ साली 'मेरी बार्टन' निनावी छापली गेली आणि ही एकतर्फी आहे म्हणून मालकांच्या बाजूचे लोक भडकले. पुढं 'नॉर्थ अँड साउथ' मध्ये तिनं गिरणीमालक थॉर्नटनलाच नायक केलं, पण संप, बाहेरून आणलेले आयरिश कामगार, गेटवर चालून आलेला जमाव, यातलं काहीच सोडलं नाही. १८५४-५५ मध्ये ही कादंबरी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली, नावही त्यानंच सुचवलेलं.

या कादंबरीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग बेसी हिगिन्सचा. ही १९ वर्षांची पोरगी कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथं कापूस पिंजून साफ करतात तिथं काम करून आजारी पडलेली, आणि ती कादंबरीची नायिका मार्गारेटला सांगते की कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात आणि माणूस खोकून खोकून मरतो. काही गिरण्यांत धूळ ओढून बाहेर टाकणारं मोठं चाक असतं, पण त्याला ५००-६०० पौंड लागतात आणि नफा काहीच मिळत नाही म्हणून सगळे मालक ते बसवत नाहीत. वर काही कामगारांनाच ते चाक नको असतं, कारण तंतू पोटात गेले की भूक कमी लागते आणि ते नसले तर त्याच पगारात भागत नाही! दोन-तीन वाक्यांत गिरणीचा सगळा हिशोब गॅस्केलबाईनं मांडलाय.

बीबीसीनं यावर १९७५ साली मालिका केली, पण लोकांच्या लक्षात राहिली ती २००४ ची चार भागांची, पटकथा सँडी वेल्चची, थॉर्नटन झालेला रिचर्ड आर्मिटेज. गिरणीचं शूटिंग बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झालं, तिथले जुने माग खरोखर चालतात. दार उघडतं आणि अख्ख्या शेडमध्ये बर्फासारखे पांढरे तंतू उडताना दिसतात, फार देखणा शॉट आहे, आणि बेसीची गोष्ट कळल्यावर तोच शॉट अंगावर येतो. मालिकेत हे तंतू विणकाम खात्यात उडतात आणि कादंबरीतलं दुखणं कार्डिंगमधलं आहे, पण हा बदल मला पटतो. सुरुवातीला थॉर्नटन कामगाराला मारतो तो सीन आणि शेवटचं रेल्वे स्टेशन या दोन्ही गोष्टी मात्र कादंबरीत नाहीत.

डिकन्सची 'हार्ड टाइम्स' १८५४ चीच. त्या वर्षाच्या सुरुवातीला तो लँकशायरमधल्या प्रेस्टन या गिरणी गावाला जाऊन आला होता, तिथं १० टक्के पगारवाढीच्या मागणीवरून टाळेबंदी चालली होती. कादंबरीतल्या कोकटाउन या काल्पनिक गिरणी गावात वाफेच्या इंजिनाचा दांडा खिन्न वेड्या हत्तीच्या डोक्यासारखा वरखाली होत राहतो. १९७७ मध्ये ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीनं यावर मालिका केली. तरी गिरणीच्या आतलं काम बघायचं असेल तर गॅस्केलच वाचावी, डिकन्सचा जीव शाळा आणि बँकेत जास्त रमलाय. शार्लट ब्राँटेची 'शर्ली' (१८४९) बरेच जण याच यादीत घालतात पण ती गिरणी लोकरीची.

चॅनल ४ ची 'द मिल' (२०१३-१४) वेगळ्या वाटेनं गेली. हिला कादंबरीचा आधार नाही, चेशरमधल्या क्वारी बँक मिलच्या जुन्या कागदपत्रांवरून ती रचलीय. काळ १८३० च्या दशकातला, ९ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत बंदी घालणारा १८३३ चा कायदा नुकताच आलेला, आणि मध्यभागी गिरणीच्या वसतिगृहात राहून राबणारी अनाथ, गरीब मुलं. यातली एस्थर प्राइस खरोखर तिथं कामाला होती आणि एकदा पळूनही गेली होती.