पार्श्वभूमी : मूळ मालिका, नवं पर्व आणि कोकणची मोजपट्टी

जुन्या कौटुंबिक विनोदी मालिकेचं नवं पर्व सुरू झालं की ‘पहिल्याची सर नाही’ हा निकाल आठवडाभरात लागतो, कोकणातही लागतो. पण तळकोकणातल्या एका अख्ख्या पिढीने ‘पहिलं’ वेळेवर पाहिलंच नव्हतं. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही विनोदी मालिका कृष्णधवल पडद्यावर आली. ते प्रक्षेपण सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंत पोचत नव्हतं. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने सांगावं नि ओटीवर बसून ऐकावं, एवढीच मालिकेची ओळख. ऐंशीच्या दशकात कमी क्षमतेची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तोवर दूरदर्शन रंगीत झालं होतं आणि संध्याकाळ हिंदी मालिकांनी व्यापली होती. शिवाय चिमणरावाची मालिकाही मूळ नव्हतीच. ती ज्या कथांवरून केली, त्या कित्येक दशकं जुन्या, त्यांवर आधी चित्रपटही आलेले. २००१ मध्ये मालिकेतून आलेले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ही आधी छापील डायरीत होते. म्हणजे ज्यांना आज ‘ओरिजिनल’ म्हणतात, त्यातल्या गाजलेल्या दोन मालिका स्वतःच दुसरा अवतार आहेत.

हिंदीत हा खेळ उशिरा सुरू झाला. २००४ ची ‘साराभाई’ २०१७ मध्ये मोबाइलवर परतली, २००२ ची ‘खिचडी’ २०१८ मध्ये पुन्हा टीव्हीवर आली. दोन्हीकडे बहुतेक जुनेच चेहरे, वय मात्र पुढे सरकलेलं. २०१६ मध्ये इंटरनेट स्वस्त झाल्यामुळे ‘साराभाई’ वाडीतल्या पोरांनीही फोनवर पाहिली. विनोद फार बिघडला नव्हता. पण जुने भाग त्याच फोनवर फुकट दिसत होते आणि तुलनेला तेवढंच पुरलं.

सिंधुदुर्गात तुलना करायची सवय टीव्हीपेक्षा जुनी आहे. दशावतारात, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, आख्यान ठरलेलं, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. तेच आख्यान दर जत्रेला लागतं, त्याला कोणी ‘रिमेक’ म्हणत नाही. यंदाचा राजपार्ट (राजाची भूमिका) गेल्या वर्षीच्या राजपार्टाशी ताडून पाहतात नि पहाटे घरी जातात. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाने हाच दशावताराचा घाट मुंबईच्या नाट्यगृहात नेला. त्यातला सरपंच गाजवणारा नट २००७ मध्ये गेला, नाटक मात्र नव्या संचात पुन्हा उभं राहिलं. प्रेक्षकांनी कुरकुर केली आणि तिकिटंही काढली. टीव्हीला ही सवलत नाही. तिथे पहिला नट चित्रफितीत कायमचा बसलेला असतो.

सगळ्यात जास्त वाद भाषेवरून झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मालिकेत मालवणी किती ठेवायची? ‘वस्त्रहरण’ने ती पातळ केली नव्हती. दादरच्या प्रेक्षकाला एखादा शब्द कळला नाही, तरी हशा कुठे येतो हे त्याला बरोबर कळत होतं. टीव्हीवर तेवढा धीर नसतो, कारण रिमोट हातात असतो. २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ ही मालिका आली तेव्हा मालवणीला प्रमाण मराठीची जोड देऊन मधला मार्ग काढला गेला. पुण्याच्या घरात ती गोड वाटली. मालवणातल्या म्हाताऱ्यांना त्यात हेल सापडला, बोली कमी सापडली. शिवी आणि लाड एकाच वाक्यात देणं हा मालवणी विनोदाचा कणा आहे. शिवी गाळली की उरतं ते नुसतं ‘माका-तुका’. पुढच्या पर्वांचं मोजमाप इथेच चुकतं असं वाटतं: कथा बरी, नटही बरे, पण तोंड धुतलेलं.

कोकणाच्या उत्तरेकडची तक्रार वेगळीच. संगमेश्वर-चिपळूणकडे घरात मालवणी बोलत नाहीत. तिथली संगमेश्वरी बोली निराळी, रायगडातल्या आगरी-कोळ्यांची आणखी निराळी. पडद्यावर मात्र कोकण म्हणजे मालवणी, हे समीकरण ‘वस्त्रहरण’च्या यशाने पक्कं केलं आणि मालिकांनी ते आयतं उचललं.

तुलनेतून सुटायची वाट सापडली ती एका भुताटकीच्या मालिकेला. ‘रात्रीस खेळ चाले’वरून २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात निषेध झाला, कोकणची बदनामी होते असा आक्षेप होता. २०१९ मध्ये दुसरा भाग आला तो कथेत मागे गेला. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच मेलेला घरचा कर्ता इथे जिवंत, तापट आणि बऱ्याचदा हसवणारा. त्याची तुलना करायला पहिल्या भागात तो जिवंत नव्हताच. विनोदी मालिकांनी ही युक्ती उचलायला हवी होती. २०२१ च्या तिसऱ्या भागाला मात्र दुसऱ्याशी तुलना चुकवता आली नाही. आता संगमेश्वरीतले घरगुती विनोद मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींत ऐकू येतात. त्यांना मागचं कोणतंच पर्व आडवं येत नाही.