मिसळीचा काळा डबा आणि कॅमेऱ्याचा डोळा

ओला वेगळा, सुका वेगळा, हे नाशिककरांना घंटागाडीने केव्हाच पाठ करून घेतलंय; पाळतात किती, ते विचारू नका. पण खरं अवघड काम सुक्या कचऱ्यापासून पुढे सुरू होतं. दुधाची पिशवी, चिवड्याचं चकचकीत पाकीट, द्राक्षांचा पारदर्शक डबा, वाइनची बाटली हे सगळं सुकंच. पण प्रत्येकाचा पुढचा कारखाना वेगळा.

हे निवडायचं काम कॅमेऱ्याला शिकवता येतं. त्यासाठी संगणकाला नियम सांगत बसत नाहीत. हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येकावर ‘पुठ्ठा’, ‘काच’, ‘पत्रा’ अशी चिठ्ठी लावतात. संगणकातलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी आज्ञावली, कडा, रंग, पोत, चमक यांतून स्वतःच खुणा शोधतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी २०१६ मध्ये तयार केलेला ‘ट्रॅशनेट’ हा फोटोसंग्रह यासाठी जगभर वापरला जातो. त्यात फोटो आहेत २,५२७ आणि गट सहा.

अडचण अशी की त्यातली प्रत्येक वस्तू पांढऱ्या पाटीवर एकटी, ऐटीत ठेवलेली आहे. आपल्याकडची बाटली चेपलेली, चहाच्या चोथ्याने माखलेली, वर निर्माल्याच्या पिशवीखाली अर्धी दडलेली. त्या नीटनेटक्या फोटोंवर शिकलेलं नेटवर्क पंचवटीतल्या एखाद्या घराच्या डब्यात डोकावलं तर गोंधळणारच. त्याला इथलेच, असेच घाणेरडे फोटो दाखवावे लागतील. द्राक्षाच्या हंगामातले वेगळे, गणपतीतले वेगळे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. साध्या कॅमेऱ्याला दिसतं ते वस्तूचं रूप. ती कशाची बनली आहे हे तो फक्त अंदाजाने सांगतो. चिवड्याचं पाकीट चमकतं म्हणून तो त्याला धातू म्हणू शकतो. प्रत्यक्षात ती प्लास्टिकच्या थरांना चिकटलेली ॲल्युमिनियमची अतिपातळ झिलई असते, आणि हे थर सुटे करणं इतकं कटकटीचं की भंगारवाला त्याला हातही लावत नाही. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पीईटी आणि पारदर्शक पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक, दिसायला जुळी भावंडं. पण पीईटी वितळवताना लागणाऱ्या सुमारे २६० अंश सेल्सिअसला पीव्हीसीचं विघटन होतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं आणि ते पीईटीच्या लांब साखळ्या तोडतं. थोडंसं पीव्हीसी अख्खा घाणा नासवतं.

म्हणून मोठ्या कारखान्यांत कॅमेऱ्याच्या जोडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा संवेदक (सेन्सर) बसवतात. प्रत्येक प्लास्टिक हे किरण आपापल्या पद्धतीने शोषतं, त्यावरून ते ओळखू येतं. मग हवेचा झोत ती वस्तू बाजूला उडवतो. कचरा वाहून नेणारा पट्टा सेकंदाला दोन मीटर धावत असेल, तर निर्णयाला ५० मिलिसेकंद लागेपर्यंत वस्तू १० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. झोत सोडताना तेवढा हिशेब धरावा लागतो. आणि एवढं करूनही पार्सल मिसळीचा काळा डबा निसटतो! त्याला काळा रंग देणारी काजळी अवरक्त किरण गिळून टाकते, संवेदकाकडे परत काही येतच नाही. इथे उलट साध्या कॅमेऱ्याला आकारावरून काही सांगता येण्याची आशा असते.

कचरावेचक बाई हे सगळं चुरगाळल्याचा आवाज ऐकून, बोटाने दाबून ठरवते. तिच्या जागी यंत्र बसवावं असं मला वाटत नाही; तिच्या पुढ्यात बसवावं. नेटवर्क प्रत्येक उत्तरासोबत आपली खात्री किती, तेही आकड्यात सांगतं. पीईटीच्या ढिगासाठी या खात्रीची अट कडक ठेवायची, म्हणजे काही चांगल्या बाटल्या सुटतील, पण पीव्हीसी सहसा शिरणार नाही. पुठ्ठ्यासाठी अट सैल चालेल. ज्यावर यंत्र अडखळेल तो माल तिच्याकडे जावा, आणि तिने ज्या ढिगात टाकला तीच त्या फोटोची नवी चिठ्ठी. या शिकवणीचे पैसे तिला निवडणीच्या मजुरीहून वेगळे मिळायला हवेत.