प्रोफाइलला कुलूप लागलं त्याआधी

फेसबुकवर ओळखीचं नाव शोधावं आणि फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, गणपती नाहीतर कुणाचं तरी हसरं बाळ दिसावं. आत जावं तर प्रोफाइल लॉक. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे इतकं सवयीचं झालंय, की त्यामागे काही इतिहास असेल असं वाटतही नाही. पण ‘रोज फोटो टाकणाऱ्यांना खासगीपणाचं काय पडलंय’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो जरूर जाणून घ्यावा.

जून २०१७ मध्ये फेसबुकने भारतात ‘प्रोफाइल पिक्चर गार्ड’ आणलं. अनेक भारतीय स्त्रिया स्वतःचा चेहरा का लावत नाहीत, हे कंपनीने त्यांच्याशी आणि इथल्या संस्थांशी बोलून समजून घेतलं होतं. फोटो कुणी उचलला आणि त्याचं भलतंच काही केलं तर, ही ती भीती. गार्ड लावलं की दुसऱ्याला तो फोटो डाउनलोड किंवा शेअर करता येईना. मे २०२० मध्ये सगळ्या प्रोफाइललाच कुलूप घालायची सोय आली आणि जुन्या पोस्टही मित्रयादीपुरत्या ठेवता आल्या. माझ्या मते यात महत्त्वाचा आहे तो क्रम. फूल लावणारीने आपला बंदोबस्त आधीच केला होता, कंपनी मागाहून आली.

फेसबुकच्या आधी आपल्याकडे गाजलेल्या ऑर्कुट या साइटवरही हेच घडलं होतं. तिथलं स्क्रॅपबुक, म्हणजे मित्रांनी लिहिलेल्या निरोपांचं (स्क्रॅपचं) पान, सुरुवातीला कुणीही उघडून वाचू शके. म्हणून स्क्रॅप वाचायचा, उत्तर द्यायचं आणि लगेच पुसून टाकायचा, ही सवय कितीतरी मुलामुलींनी आपली आपणच लावून घेतली होती.

तिकडे अमेरिकेत सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड सुरू केलं, तेव्हा काही दिवसांत लाखो सदस्य विरोधाच्या गटात जमा झाले. खरं तर कुठलीही नवी माहिती उघड झालेली नव्हती. जे एकेकाच्या पानावर जाऊन बघावं लागे, ते आता सगळ्यांपुढे आपसूक येऊ लागलं होतं, इतकंच. पण चार घरी माहीत असलेली गोष्ट कुणी दवंडी पिटून सांगितली, तर आपल्यालाही ती लागतेच. मार्क झुकरबर्ग यांनी माफी मागितली, नियंत्रणं दिली. फीड मात्र राहिलं.

हे सगळे बंदोबस्त माणसांपासूनचे. खुद्द कंपनी आपल्याबद्दल काय साठवते, याला प्रोफाइलचं कुलूप लागू होत नाही. तो प्रश्न आपल्याकडे ऐरणीवर आला तो व्हॉट्सॲपमुळे. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने फेसबुकला माहिती देण्याचं धोरण जाहीर केलं आणि दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पुढच्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. मूळ वाद आधारचा होता, पण न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या निकालपत्रात फेसबुकला आपले मित्र ठाऊक असतात, उबरला आपला ठावठिकाणा, याचीही दखल घेतली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तर आणीबाणीतला १९७६ चा, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा नागरिकांचा हक्क नाकारणारा निकाल चुकीचा ठरवला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील, न्या. यशवंत चंद्रचूड होते. हे वाचताना मला आजही भरून येतं.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपची नवी सूचना आली: अटी मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही. लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे धावले. टेलिग्रामने ७२ तासांत अडीच कोटी नवे सदस्य आल्याचं सांगितलं. व्हॉट्सॲपला भारतीय वृत्तपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या, मुदत फेब्रुवारीवरून मेवर न्यावी लागली. तरी बरेच जण परतले, आणि त्यांना बेफिकीर म्हणणं मला पटत नाही. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भिशी, गावाकडची भावंडं, सगळं तिथेच. एकट्याने उठून जाणार कुठे? नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला (फेसबुक आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी) २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला, तो याच अडवणुकीवर बोट ठेवून. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. २०१६ मध्ये निदान ३० दिवस नकार देता येत होता. २०२१ च्या सूचनेत तेवढीही सोय ठेवलेली नव्हती.